रेड ऑक्साइडने गंज ‘मरत’ नाही

पावसाळा तोंडावर आला की सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज हमखास फिरतो: ‘गंजलेलं ग्रिल घासत बसू नका. रेड ऑक्साइडचे दोन जाड हात द्या, गंज जागीच मरतो. जी.आय.लाही (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडालाही) तोच चालतो. वरचा रंग मग सवडीने.’

यातलं एकही वाक्य धड नाही.

रेड ऑक्साइड हा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात. त्याचा लाल रंग येतो आयर्न ऑक्साइडमधून, म्हणजे गंजाच्याच सख्ख्या भावाकडून. तो गंज मारत नाही. पाणी-हवा थोडी अडवतो, बस्स. पूर्वी पुलांना शेंदरी रेड लेड लावत. त्यात गंज रोखायचा गुण खरंच होता, पण ते शिशाचं, विषारी. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) वर नको, हा आपल्याकडचा नियम २०१६चा. आज तेच काम झिंक फॉस्फेट प्रायमर करतो. थोडा महाग पडतो, पण दुकानात नाव घेऊन तोच मागा.

आता घासण्याचं. ग्रिलच्या आडव्या पट्टीला खालच्या बाजूने नख लावून बघा. पोपडा सुटून येतो, आत काळपट भुगा. प्रायमर धरतो तो या पोपड्याला, लोखंडाला नाही. पोपडा पडला की रंगही त्याच्यासकट खाली. म्हणून आधी पत्री (खरवडायची पट्टी), मग तारेचा ब्रश, शेवटी ८० नंबरचा एमरी पेपर. लोखंड आरशासारखं चमकायला नको. घट्ट बसलेला तपकिरी डाग चालतो, सुटा कण नको. जुना रंग असेल तर मास्क लावा, त्यात शिसं असू शकतं. समुद्राजवळ राहत असाल तर गोड्या पाण्याने धुऊन खडखडीत वाळवा, कारण गंजाच्या खड्ड्यांत बसलेलं मीठ रंगाखालीही ओल ओढत राहतं. मजुरी स्क्वेअर फुटावर ठरली असेल तर पेंटर हे सगळं आपणहून करणार नाही. आधीच बोलून ठेवा. ब्रश पोचत नाही त्या सांध्यांत रस्ट कन्व्हर्टर (उरलेल्या गंजाचा टिकाऊ थर करणारं रसायन) लावता येतं, पण सुटा गंज काढूनच.

जी.आय.वर साधा तेलाचा प्रायमर मारला तर जस्ताशी संयोग होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो, आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो. तिथे एच (etch, जस्ताचा पृष्ठभाग किंचित खाऊन पकड घेणारा) प्रायमर किंवा डब्यावर जी.आय.साठी असं लिहिलेलाच.

जाड हात वरून सुकतो, आत कच्चा राहतो. दोन पातळ द्या.

आणि प्रायमर सच्छिद्र असतो, ओल पितो. डब्यावर दिलेल्या मुदतीत ऑइल पेंट चढवायला सवड नसेल, तर डबा दिवाळीनंतरच उघडा.