मुधोळ घरात ‘वेडं’ होतं म्हणे!

कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मुधोळ हाउंड ही कुत्र्याची शिकारी जात, त्याला दिवसभर पळायला लागतं, घरात ठेवलं की वेडं होतं. बरगड्या दिसतात म्हणजे मालक उपाशी मारतोय. आणि देशी रक्ताला लसबिस, डॉक्टर काही लागत नाही. आमच्या घरी मुधोळची कुत्री आहे, त्यामुळं गप्प बसवत नाही.

आधी दिवसभर पळायचं. हे कुत्रं नजरेवर शिकार करणारं. वास काढत कोसभर हिंडायचा त्याचा पिंड नाही. माळावर ससा उठला की जीव तोडून पळायचं, घावला तर घावला, नाहीतर जीभ काढून बसायचं. आमची सकाळी रंकाळ्याला फिरून आली की दुपारभर सोफ्यावर आडवी. कुकरच्या शिट्टीलासुद्धा मान उचलत नाही. रोजचं चालणं आणि अधूनमधून कंपाऊंडच्या आत मोकळं पळणं तिला पुरतं.

कंपाऊंडच्या आत, हे महत्त्वाचं. खरा धोका मेसेजवाल्यानं सांगितलेलाच नाही. समोरून मांजर पळालं की या कुत्र्याचे कान बंद होतात. हाक मारा, बिस्किट दाखवा, ते केव्हाच पार! त्यात डोकं अरुंद, मान जवळपास तेवढीच, त्यामुळं मागं सरकून साधा पट्टा डोक्यावरून सहज काढतं. ओढलं की थोडा आवळणारा रुंद मार्टिंगेल पट्टा घ्या आणि फाटकाची कडी दोनदा बघा. ‘मग शिकारीलाच न्या की’ म्हणणारेही भेटतात. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, बाबांनो. ससा मारणं गुन्हा आहे.

बरगड्यांचं म्हणाल, तर शेवटच्या दोन-तीन दिसणारच. गंगावेश तालमीतल्या पैलवानाचं अंग शंभर मीटर पळणाऱ्याकडं कशाला मागायचं? पाठीचा कणा आणि कमरेची हाडं वर आली, तर मात्र जंत आणि खाणं तपासा. दया येऊन शेजारी तांबड्या रश्श्यातला भात घालतात, तो आधी थांबवा. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी, आणि शिजलेलं हाड चिरफळून आतड्यात टोचतं.

राहिलं देशी रक्त. 2005 साली मुधोळ टपाल तिकिटावर आलं, त्याचा अभिमान मलाही आहे. पण त्यानं पार्व्हो, डिस्टेंपर हे कुत्र्यांचे जीवघेणे रोग थांबत नाहीत, रेबीज तर नाहीच. लशी वेळेवर द्यायच्या. उलट या बांध्याच्या कुत्र्याला डॉक्टर जरा जास्तच जाणता लागतो: अंगात चरबी कमी, त्यामुळं भुलीची काही औषधं उतरायला वेळ लागतो. नसबंदी असो की टाके, टेबलावर घेण्याआधी ‘हाउंड आहे’ एवढं डॉक्टरांच्या कानावर घालाच.