तुमची स्क्रीन आडवी पाडली मी, पण सेन्सर चांगला आहे तुमचा

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आधी झोंबली, मग परत वाचली तेव्हा लक्षात आलं की यातलं अर्धं तर बरोबरच आहे. त्यामुळे सविस्तर लिहितोय, चहा घेऊन बसा.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. यांनी सेकंडहँड घेतलेला, स्क्रीन पूर्ण मागे वळणारा टू-इन-वन लॅपटॉप आहे, त्यावर उबुंटू, म्हणजे लिनक्स, टाकलंय. लॅपटॉप उभा धरला की चित्र उलटं व्हायचं, म्हणून माझ्या रोटेशनच्या (लॅपटॉप फिरवला की चित्रही फिरावं याच्या) लेखातली, सेन्सर कसा बसवलाय ते सिस्टिमला सांगणारी फाइल जशीच्या तशी कॉपी केली, काहीच झालं नाही. दुसरीकडून कळलं की ओळीच्या सुरुवातीला एक स्पेस लागते. ती दिली तर स्क्रीनवरचं चित्र कायमचं आडवं, लॉगिनचा पासवर्डसुद्धा मान वाकडी करून टाकायचा. दुकानात नेला तर त्यांनी सांगितलं सेन्सर गेलाय, मदरबोर्ड बदलावा लागेल. आणि मग मला विचारलंय की कंपनी ज्या सिस्टिमला सपोर्टच देत नाही त्यात लोकांना का भरीस घालता, तुमचा झाला छंद आणि आमचा गेला रविवार.

आधी मान सरळ करू. लॅपटॉप उचला आणि पुस्तकासारखा उभा धरा, आधी एका कुशीवर, नाही जमलं तर दुसऱ्या. एका बाजूला चित्र कीबोर्डच्या हिशोबाने सरळ होईल. तसंच धरून विंडोजचं बटण आणि ओ दाबा, रोटेशन लॉक होईल, मग खाली ठेवा. येडेपणा वाटेल पण चालतं.

आता माझ्या चुका, दोन आहेत. स्पेसची चूक तर चिडण्यासारखीच आहे. त्या फाइलमध्ये पहिली ओळ लॅपटॉप ओळखायची असते, ती एकदम डावीकडून सुरू होते, आणि तिच्या खालची, मॅट्रिक्सवाली (म्हणजे सेन्सरच्या दिशा स्क्रीनच्या दिशांशी जुळवणारे नऊ आकडे), एक स्पेस सोडून. स्पेस नसेल तर ती ओळ धरलीच जात नाही. मी लेख लिहिताना स्पेस दिली होती पण या ब्लॉगची थीम ओळीच्या सुरुवातीची स्पेस खाऊन टाकते, आणि मी पब्लिश केल्यावर परत बघितलंच नाही. काल दुरुस्त केलंय.

दुसरी चूक मोठी. ती फाइल मी आईच्या लॅपटॉपसाठी केलेली. आई ज्ञानेश्वरीची पीडीएफ त्यावर वाचते, स्क्रीन मागे वळवून, उभी धरून, मांडीवर. तिच्या लॅपटॉपमध्ये सेन्सरची चिप बोर्डावर नव्वद अंशात फिरवून बसवलीये, म्हणून मॅट्रिक्स होतं ० १ ०, -१ ० ०, ० ० १. आणि ओळखायच्या ओळीत मॉडेलचं नाव लिहायचं सोडून मी आळसाने सरळ स्टार टाकला होता, म्हणजे कुठलाही लॅपटॉप असो, त्याला हे लागू. शेजाऱ्याच्या नंबरचा चष्मा तुमच्या नाकावर चढवला मी, आणि तुम्हाला सगळं वाकडं दिसायला लागलं. याबद्दल मनापासून सॉरी.

पण सेन्सर गेलाय हे मात्र अजिबात मान्य नाही. मेलेल्या सेन्सरला चुकीचं मॅट्रिक्स दिलं तर काहीच होत नाही, तुमची स्क्रीन आडवी झाली, म्हणजे सेन्सर बोलतोय आणि सिस्टिम ऐकतेय. आणि तुमच्याच प्रतिक्रियेत, रागाच्या भरात, एक वाक्य येऊन गेलंय: "आधी निदान आडवी धरली की बरोबर असायची, फक्त उभी केली की उलटी व्हायची." अहो सगळं उत्तर याच वाक्यात आहे!

ते कसं ते सांगतो. आत जो अ‍ॅक्सिलरोमीटर असतो त्याला स्क्रीन-बिन काही कळत नाही, त्याला फक्त गुरुत्वाकर्षण कुठल्या बाजूला ओढतंय ते कळतं. तीन अक्ष, एक्स स्क्रीनच्या रुंदीला, वाय उंचीला, झेड काचेतून आरपार. लॅपटॉप स्थिर असेल तर जो अक्ष सरळ खाली किंवा वर आहे त्याच्यावर ९.८ च्या आसपास आकडा, बाकी दोन जवळपास शून्य. हे डोळ्यांनी बघता येतं. सिस फोल्डरमध्ये बस, त्यात आयआयओ, त्यात डिव्हाइसेस, तिथे तीन अक्षांच्या तीन 'रॉ' फाइली असतात आणि एक 'स्केल'ची. रॉ गुणिले स्केल केलं की मीटर प्रति सेकंद वर्ग. आईच्या लॅपटॉपची स्क्रीन नेहमीसारखी, म्हणजे आडवीच पण काच ताठ, ठेवली तेव्हा वाय जवळपास शून्य आणि एक्सवर हजाराच्या आसपास आकडा आला, स्केल होतं साधारण ०.००९६, गुणाकार केला की ९.६, म्हणजे गुरुत्वाकर्षण एक्सवर पडलेलं. म्हणून मला एक्स आणि वायची अदलाबदल करावी लागली. तुमच्याकडे तसं नाहीये. तुमची आडवी बरोबर, म्हणजे वाय आपल्या जागेवर आहे. उभी उलटी, दोन्ही कुशींवर उलटी, म्हणजे डावं-उजवं बदललंय, म्हणजे एक्सचं चिन्ह उलटं आहे. बस, एवढाच रोग.

तर तुमचं मॅट्रिक्स: -१ ० ०, ० १ ०, ० ० १. (इथे मराठी आकडे लिहिलेत, फाइलमध्ये इंग्रजीच टाका, तीन-तीनच्या गटात स्वल्पविराम आणि गटांच्या मध्ये अर्धविराम, नाहीतर परत माझ्या नावाने शंख.) एक बारीक गोष्ट, लॅपटॉप टेबलावर काच वर करून सपाट ठेवा आणि झेडचा आकडा बघा, मग उपडा करून बघा. चिप जर बोर्डाच्या मागच्या बाजूला बसवलेली असेल तर एकटा एक्स उलटत नाही, झेडही उलटतो, आणि मग शेवटचा १ पण -१ करायचा. स्क्रीन फिरायला झेडने फार फरक पडत नाही पण करायचंय तर नीट करू.

क्रम असा: माझी फाइल आधी काढून टाका, मग तुमच्या मॉडेलच्या नावाने नवीन, मग हार्डवेअर डेटाबेस (ही फाइल जिथे नोंदली जाते तो) अपडेट, मग यूडेव (उपकरणं ओळखणारा भाग) ट्रिगर, मग आयआयओ-सेन्सर-प्रॉक्सी (सेन्सर वाचून स्क्रीनची दिशा सांगणारा प्रोग्राम) रिस्टार्ट. कमांड लेखात आहेत त्याच, त्या बरोबर आहेत, आज परत एकेक चालवून बघितल्या. अपडेटची पायरी राहिली तर फाइल कितीही बरोबर असो, काही होत नाही. शेवटी लॉक काढा, मॉनिटर-सेन्सर ही कमांड चालू ठेवा आणि स्क्रीन मागे पूर्ण वळवून लॅपटॉप चारही बाजूंना फिरवा, ती नॉर्मल, लेफ्ट-अप, राइट-अप, बॉटम-अप असं एकेक सांगत जाते. पूर्ण वळवूनच करा हं, कारण काही लॅपटॉपमध्ये दोन सेन्सर असतात, एक स्क्रीनमध्ये आणि एक कीबोर्डखाली, आणि सिस्टिमने कीबोर्डखालचा धरला असेल तर ते लगेच उघडं पडतं. तसं निघालं तर लिहा, त्याला वेगळी ओळ लागते.

आता भरीस घालण्याबद्दल. तुमचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा आहे असं तुम्हीच लिहिलंय. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो, तो तुमच्यावर अधिकृतपणे बसत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मग सपोर्ट असलेली सिस्टिम म्हणजे नेमकी कुठली राहिली? मी लोकांना भरीस घालतो की नाही ते सोडा, पण तुमच्या लॅपटॉपला तरी दुसरी वाट काय होती ते सांगा.

आणि ही चिप वाकडी बसवायची भानगड लिनक्सची नाही. कंपनीला बोर्डावर जागा मिळेल तशी चिप बसवतात, आणि विंडोजच्या वेळी ती कशी बसवलीये हे कंपनीचा ड्रायव्हर नाहीतर फर्मवेअर गुपचूप सांभाळून घेतं. काही लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये ही माहिती लिहिलेली असते आणि लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, ती वाचतो, तिथे तुम्हाला काहीच करावं लागत नाही. जिथे नसते तिथे लोकांनीच एकेका मॉडेलचं मॅट्रिक्स काढून सिस्टिमडीच्या (लिनक्स सुरू करून सांभाळणाऱ्या भागाच्या) त्याच हार्डवेअर डेटाबेसमध्ये टाकलंय, शेकड्यांनी ओळी आहेत त्यात, स्वस्त टॅब्लेटपासून सगळं. आयआयओ-सेन्सर-प्रॉक्सी लिहिणारे बास्तियाँ नोसेरा, ढिगाने मॉडेलं त्या यादीत घालणारे हान्स द गुडे, ही माणसं नसती तर आईची ज्ञानेश्वरी अजून आडवीच असती.

मदरबोर्डचे पैसे अजून दिले नसतील तर देऊ नका. दिले असतील तर तो जुना बोर्ड मागून घ्या, तुमचा आहे तो.

मॅट्रिक्स चाललं की मला फक्त दोन गोष्टी पाठवा, ओळखायच्या ओळीसाठी काढलेलं मॉडेलचं नाव आणि झेडचं काय निघालं ते. मी डेटाबेसवाल्यांकडे पाठवतो, तुमच्या नावाने पाठवायचं असेल तर तसं सांगा. लेखातला तो स्टार आज काढतोय, आणि वर लाल अक्षरात टाकतोय की हे आकडे आईच्या लॅपटॉपचे आहेत.