दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला उत्तर: फोटोंसोबतच्या टॅग-फायली अशा का?

नमस्कार सर,

तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अल्बम स्कॅन करायला दिले, स्कॅन चांगले आले, पण प्रत्येक फोटोसोबत एक टेक्स्ट फाईल आली आणि तिच्यात 'व्यक्ती=', 'स्थळ=' असलं संगणकवाल्यांचं कोडं आहे. 'आजी' शोधलं तर एकही फोटो सापडत नाही. वडिलांनी १९७१ चा म्हणून सांगितलेल्या फोटोवर आम्ही 'काळ=१९७३+' लिहून ठेवलं. आणि एवढं सगळं मोबाईलमधलं ॲप फुकटात करतं.

तुमच्या घरातली नावं इथे चारचौघांत घेणार नाही, खाली येतील ती नावं बनवलेली आहेत.

आधी आजीचं बघू. नावांची यादी तुमच्या घरातल्या तिघांनी मिळून भरली होती आणि प्रत्येकाची 'आजी' वेगळी निघाली. तुमच्या मुलांची आजी म्हणजे तुमची आई, आणि तुमची आजी तर तिसऱ्याच अल्बमात. बघणारा बदलला की आजी बदलते, म्हणून 'व्यक्ती' या ओळीत नातं कधीच लिहायचं नाही, नाव लिहायचं, हा आमचा पहिला नियम. नावातही गंमत आहे. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनावच काय, नावसुद्धा बदलायचे. माहेरच्या अल्बमात इंदू असते, सासरच्या अल्बमात तीच नलिनी होते. दोन्ही नावं टॅगात, म्हणजे त्या ओळीत, ठेवली तर संगणकाच्या लेखी त्या दोन बायका. म्हणून एक नाव पक्कं करायचं आणि बाकीची एका वेगळ्या फायलीत त्याच्यासमोर मांडायची: 'नलिनी = इंदू, माई, अक्का'. ही 'नावं' नावाची फाईल तुमच्या ड्राइव्हवर अगदी वरच आहे. आधी तिथे बघायचं, मग मिळालेल्या नावाने शोधायचं. गावांचंही तसंच. फोटोच्या मागे शाईने 'औरंगाबाद' लिहिलं असेल तर टॅगात तेच राहतं, आजचं छत्रपती संभाजीनगर त्या फायलीत त्याच्याशेजारी येतं.

आता ते 'कोडं'. त्यात शब्द पाचच आहेत: व्यक्ती, स्थळ, काळ, प्रसंग, टीप. ही कल्पना आमची नाही. १९९५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी ग्रंथपाल आणि संगणकतज्ज्ञ जमले होते, कुठल्याही डिजिटल वस्तूचं वर्णन करायला कमीत कमी किती रकाने पुरतील हे ठरवायला. ती यादी पुढे पंधरा रकान्यांवर स्थिरावली. तिला 'डब्लिन कोअर' म्हणतात आणि जगभरची ग्रंथालयं ती वापरतात. घरगुती अल्बमला पंधरा जास्तच होतात. प्रकाशक, हक्क, भाषा हे भरत कोण बसणार?

मध्ये बरोबरचं चिन्ह का, असंही तुम्ही विचारलंय. सुरुवातीच्या आराखड्यात अपूर्णविराम (:) होता. मराठी कळफलकावर टंकताना त्याच्या जागी अनेकदा विसर्ग पडतो. पडद्यावर दोन्ही ठिपके सारखेच दिसतात, पण संगणकाला ती दोन वेगळी चिन्हं. बरोबरच्या चिन्हासारखं दिसणारं मराठी अक्षर नाही, एवढंच कारण. एका ओळीत एकच टॅग ठेवला की नावात मोकळी जागा चालते, स्वल्पविराम चालतो, अंडरस्कोर ठोकत बसावं लागत नाही. 'ॲ'चीही अशीच कटकट आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक लिपीतल्या अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, २००८ पासून त्याला स्वतःचं अक्षर आहे, तरी काहीजण अजून 'अ' टंकून वर चंद्र देतात, आणि मग शोधात अर्धेच 'ॲडव्होकेट' सापडतात. ते आम्ही हाताने एकसारखं करतो. त्याचे पैसे लावत नाही, पण वेळ जातो.

वेगळी फाईल कशाला, सगळं फोटोच्या नावातच का नाही? नक्की नसलेल्या तारखेला आम्ही प्रश्नचिन्ह लावतो, आणि विंडोजमध्ये फाईलच्या नावात ते चालत नाही. लिनक्स या संगणकप्रणालीवर नावाची मर्यादा साधारणपणे २५५ बाइटची, आणि यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रासुद्धा, तीन बाइट खातं. म्हणजे पंच्याऐंशी चिन्हांत बारशाला जमलेलं अख्खं घर बसवायचं! हीच माहिती आम्ही फोटोच्या पोटातही भरतो, पण व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवला की ती गळून जाते. साधी टेक्स्ट फाईल नोटपॅडमध्ये उघडते, तिला आमचं दुकान लागत नाही. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टंकलेल्या मराठी फायली घेऊन लोक आमच्याकडे येतात. फाईल शाबूत असते, पण फॉन्ट नसला की मजकुराच्या जागी नुसती चिन्हं दिसतात. तुमच्या नातवंडांवर ती वेळ येऊ नये म्हणून हा खटाटोप.

१९७१ बद्दल मात्र मी ठाम आहे. त्या फोटोत मागच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं आहे, ठळक वाचता येतं. कालनिर्णय १९७३ पासून निघतं. म्हणून 'काळ=१९७३+', म्हणजे १९७३ किंवा त्यानंतर. तुमच्या वडिलांचं म्हणणं आम्ही टाकून दिलेलं नाही. लगेच खालची ओळ वाचा: 'टीप=वडिलांच्या आठवणीनुसार १९७१'. नक्की नसलेल्या तारखेवर प्रश्नचिन्ह आणि अंदाजी तारखेवर नागमोडी रेघ, ही पद्धत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने मांडली आणि २०१९ मध्ये ती आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या तारखांच्या मानकात आली. अधिकचं चिन्ह तेवढं आम्ही जोडलंय.

ॲपशी माझं भांडण नाही. चेहरे जुळवायला ते खरंच छान आहे, जरूर वापरा. ते 'समारंभ' आणि 'साडी' सांगेल. ती मुंज कुणाची, हे घरच्यांनाच सांगावं लागतं.

नुसते स्कॅन हवे असतील तर ऑर्डरच्या कागदावर 'टॅगशिवाय' असा चौकोन आहे, त्याचा दरही कमी आहे. तुमच्या ड्राइव्हवरून टेक्स्ट फायली पुसल्या तरी फोटोंना काही होत नाही. आणि त्या फोटोचं निगेटिव्हचं पाकीट किंवा स्टुडिओची पावती घरात सापडली, तर नोटपॅडमध्ये काळाची ओळ बदला आणि सेव्ह करा. त्यासाठी दुकानापर्यंत यायची गरज नाही.