तळहातावर मावणारं पिल्लू

परवा ओळखीतल्या एकांकडे गेले होते. त्यांच्या लेकीने खोक्यातून सशाचं पिल्लू काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. अख्खं मावलं. सगळे "किती गोड, किती गोड" करत होते आणि माझ्या पोटात गोळा आला. एवढंसं पिल्लू म्हणजे फार तर 4-5 आठवड्यांचं. हे अजून आईपाशी असायला हवं होतं, असं मी तिथेच बोलून टाकलं आणि अर्थातच वाईट ठरले. ठरू दे.

8 आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये, हे माझं ठाम मत आहे. दयामाया नंतर, आधी पोटाचा प्रश्न. मोठ्या सशाच्या जठरात आम्ल इतकं जहाल असतं (पीएच 1 ते 2) की चाऱ्यातून गेलेले बहुतेक जंतू तिथेच मरतात. दूधपित्या पिल्लाचं जठर तेवढं आंबट नसतं. त्याला सांभाळतं ते दूध. आई दिवसातून साधारण एकदाच, तीही काही मिनिटंच पाजते, पण त्या दुधापासून पिल्लाच्या पोटात जंतूंना आवर घालणारी स्निग्धाम्लं तयार होतात. शिवाय पिल्लं आईच्या लेंड्या कुरतडतात. बघायला किळस येईल, पण कामाचे जंतू त्यातूनच त्यांच्या आतड्यात जातात. दूध एकदम तुटलं की ते संरक्षण गेलं, आणि स्वतःचं आम्ल अजून चढायचंय. नेमक्या त्याच आठवड्यात आपण त्याला नवं घर, नवं खाणं आणि दहा जणांचे हात देतो.

माझं पहिलं पिल्लू असंच आलं होतं. विकणारा म्हणाला दोन महिन्यांचं आहे, मी मान डोलावली. तिसऱ्या दिवशी सकाळी शेपटीखालची लव ओली, चिकटलेली, आंबूस वास. मी कोमट पाण्यात कापूस बुडवून पुसत बसले. आपलं नाही का बिघडत पोट, होईल बरं, असं वाटलं. दुपारी कान गार लागायला लागले. पाठीची कमान करून कोपऱ्यात बसलं होतं आणि दात कराकरा वाजवत होतं. मला वाटलं काहीतरी चघळतंय! (खुशीत असलेला ससाही दात वाजवतो, पण हलकेच. अंग चोरून बसून करकरवतो तेव्हा त्याला दुखत असतं.) डॉक्टरांकडे पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. रात्र काढली नाही त्याने.

लहान पिल्लाला जुलाब झाले तर "उद्या बघू" म्हणू नका. मोठा ससासुद्धा 10-12 तास काही खात नसेल, लेंड्या पडत नसतील, तर ते संकटच असतं. पिल्लाकडे तेवढाही वेळ नसतो. लेंड्यांचा नमुना सोबत न्या, कॉक्सिडिया नावाचे परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. आणि घरात पडलेलं अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने मुळीच देऊ नका. तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मारतं, मग विष सोडणारे माजतात आणि औषधानेच जनावर जातं.

एक घोळ मात्र सगळ्यांचा होतो. गोल, कोरडी, चुरली की गवताचा भुसा दिसणारी लेंडी आपल्याला माहीत असते. पण द्राक्षाच्या इवल्या घडासारखी, मऊ, चकचकीत, वासाची लेंडी दिसली की लोक जुलाब समजून घाबरतात. ती सशाच्या सीकममध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत, आंबून तयार झालेली असते. ससा ती थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो, आणि खायलाच हवी. ती अधूनमधून खाली पडलेली दिसली तर बहुधा खाणं जास्त पौष्टिक होतंय. पाण्यासारखं, आकारच नसलेलं काही आलं तर मात्र पळा.

खाण्याचं म्हणाल तर वाळलेलं गवत, दिवसरात्र, हवं तेवढं. वाढत्या पिल्लाला लसूणघासही चालतो. आधी जे पेलेट (सशाच्या तयार खाद्याच्या गोळ्या) खात होतं तेच पहिले काही दिवस द्या, बदल सावकाश करा. भाज्यांची घाई नको. मी 12 आठवड्यांनंतर सुरू करते, एका वेळी एकच, चिमूटभर. आणि ते गाजर! चित्रातला ससा गाजर खातो म्हणून किती पिल्लांच्या पोटात ही साखर गेली असेल. बिस्किटं, पाव यांचं तर नावच काढू नका.

त्या घरातही गाजराच्या चकत्याच होत्या, खोक्यात, पिल्लाच्या नाकासमोर. मी त्या काढायला लावल्या, आणि जमलं तर पिल्लू आईकडे परत न्या म्हटलं. विकणाऱ्याने फोन उचलला नाही.

आज सकाळी त्या लेकीने फोटो पाठवला. वर्तमानपत्रावर लेंड्या, प्रत्येकीभोवती पेनाने गोल. खाली लिहिलंय, "मावशी, 19 सुक्या, 2 ओल्या. चालतील का?" मी म्हटलं, कागद तसाच गुंडाळ, पिल्लू घे आणि बाबांना आत्ताच निघायला सांग. निघालेत.