गॅरंटी नाही हो, वॉरंटी!

"गॅरंटी नाही हो मॅडम, वॉरंटी आहे!" हे वाक्य परत कुणी ऐकवलं तर त्याची काही खैर नाही, आधीच सांगून ठेवते.

वॉशिंग मशीन बंद पडलं. खोक्यावर थोरल्या अक्षरांत '१० वर्षं वॉरंटी', बाजूला एक चांदणी, आणि त्या चांदणीचा अर्थ तळाशी मुंगीएवढ्या टायपात: फक्त मोटारीला. बाकी मशीनला दोनच वर्षं, ती कधीच संपली. गेलंय काय, तर सर्किट, त्यांच्या भाषेत पीसीबी. म्हणजे त्या पीसीबीचे पैसे द्या, वर व्हिजिट चार्ज द्या. मोटार अगदी ठणठणीत आहे म्हणे! असू दे ना, सर्किटशिवाय ती फिरत नाही, मग मी तिची काय पूजा घालू?

त्यावर दुकानदाराचं ज्ञान: "गॅरंटीत वस्तू बदलून मिळते, वॉरंटीत नुसती दुरुस्ती." कुठल्या शाळेत शिकवतात हे? अहो, हे दोन शब्द सख्खे भाऊ आहेत! मूळ एकच, जुनं जर्मानिक, अर्थ हवाला देणारा, जबाबदारी घेणारा. ते फ्रेंचमध्ये शिरलं. नॉर्मंडीकडच्या बोलीत सुरुवातीचा 'व' टिकला, पॅरिसकडे त्याचा 'ग' झाला. म्हणून तर इंग्रजांचा विल्यम फ्रेंचांचा गियोम होतो. इंग्रजीने दोन्हीकडून उचललं: वॉर्ड आणि गार्ड, वॉरंटी आणि गॅरंटी. पोलिसांचं वॉरंटसुद्धा याच खानदानातलं. ते बजावताना मात्र कुणी चांदणी दाखवत नाही.

कायद्यात फरक आहे, पण तो हा नव्हे. १८७२ च्या करार कायद्यातली गॅरंटी म्हणजे जामिनकी: त्याने पैसे बुडवले तर मी भरीन, असं तिसऱ्याने सांगणं. १९३० च्या मालविक्री कायद्यातली वॉरंटी म्हणजे सौद्यातली दुय्यम अट. ती मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, माल नाकारता येत नाही. नाकारायचा तर मुख्य अट मोडलेली लागते. 'बदलून की दुरुस्त' ही काउंटरवरची व्याख्या या दोन्ही कायद्यांत शोधून दाखवा, पीसीबीचे पैसे हसत मोजते. बदलून देणार की दुरुस्त करणार हे कार्डावर लिहिलेलं असतं, मथळ्यातल्या शब्दावर ठरत नाही. पण कार्ड वाचायची तसदी घेतो कोण? विकणाराही घेत नाही.

आणि ते बिल! मोटारीच्या वॉरंटीसाठी दहा वर्षं जपायचं, आणि छापलंय कशावर, तर थर्मल कागदावर. कपाटात ठेवल्या ठेवल्या पांढरं पडलं. "झेरॉक्स काढून ठेवायची ना मॅडम!" हे विकताना सांगायला तोंड शिवलं होतं का? कार्डावरचा दुकानाचा शिक्काही असा पुसट की तारीख ३ आहे की ८ यावर वाद घालायचा. तेवढंच घेऊन १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकलीय. आणि तोवर चादरी मी हाताने धुतेय.