अलमट्टीच्या आधी आमच्या गल्लीतला ओत बघा

आमच्या घरात शिरायला पूर्वी तीन पायऱ्या चढाव्या लागायच्या. आता एक पायरी उतरावी लागते. घर खचलेलं नाही, रस्ता वर आलाय. जुनं न उकरता त्यावर खडी, त्यावर डांबर, परत दोन-चार वर्षांनी तेच. तिसरी पायरी डांबराखाली गेली त्या वर्षी माझी सून लग्न होऊन आली होती, म्हणून साल लक्षात आहे.

पोस्ट लांब होणार आहे. पुराचं खापर अलमट्टी धरणावर फोडायच्या आधी आमच्या गल्लीतली बुजलेली पाण्याची वाट बघा, हे सांगायचंय. चहा घेऊन बसा.

घर १९८९ चं. सांगलीत शंभर फुटी रोडच्या आत, शामरावनगरच्या अंगाला आण्णांनी दोन गुंठे घेतले. तेव्हा तिथं शाळू आणि हरभरा असायचा. कागद म्हणजे स्टॅम्पपेपरवरचं साठेखत, म्हणजे विक्रीचा नुसता करार, आणि खाली चार साक्षीदारांच्या सह्या. सात-बारा मूळ मालकाच्याच नावावर. एकराचे चाळीस गुंठे, त्यातले रस्त्यापुरते वगळून बाकीचे लोकांना वाटून टाकायचे, ही आमची गुंठेवारी. शेतीचे असे तुकडे करू नयेत म्हणून १९४७ पासून कायदा आहे. तो कायदा आणि आमचा प्लॉट एकाच गावात पण वेगवेगळ्या गल्लीत नांदले. मग २००१ ला गुंठेवारी नियमित करायचा कायदा आला, २०२१ मध्ये त्याची मुदत ओढून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना तो लागू केला. आमचं घर पहिल्याच फेरीत पैसे भरून नियमित झालं. दाखला लॅमिनेट करून कपाटात ठेवलाय.

यातला विनोद असा की मी एका सहकारी बँकेत कर्ज विभागात होते. गुंठेवारीचं प्रकरण टेबलावर आलं की ‘टायटल क्लिअर नाही’ असा शेरा मारून परत पाठवायचे, आणि संध्याकाळी स्कूटीवर बसून त्याच गुंठेवारीत राहायला यायचे.

गुंठेवारीला शिव्या घालणाऱ्यांत मी नाही. पगारदार आणि हमालीवाला, दोघांनाही शहरात छप्पर मिळालं ते हिच्यामुळे. रीतसर ले-आउटमधला प्लॉट आण्णांना सात जन्मात परवडला नसता. पण रीतसर ले-आउटमध्ये जे मोजून सोडावं लागतं, दहा टक्के मोकळी जागा, रस्त्याची रुंदी, पाणी जायची वाट, ते आमच्याकडे कुणीच सोडलं नाही. विकणाऱ्यानं नाही आणि घेणाऱ्यानंही नाही. आमच्या मागून एक ओत जायचा. बाहेरच्यांसाठी सांगते, ओत म्हणजे पावसाचं पाणी आपणहून धरतं ती सखल वाट. उन्हाळ्यात कोरडी, त्यामुळं बघणाऱ्याला ती रिकामी जागाच वाटते. रिकामी दिसली म्हणून एकानं तिथं गोठा घातला, दुसऱ्यानं मुरूम टाकला, तिसऱ्यानं जिना काढला. आमच्या संडासाची टाकी कुठं आहे असं कुणी विचारलं तर मी विषय बदलते.

ओत बुजला पण पाणी थांबलं नाही. मग जोत्यांची, म्हणजे घराखालच्या चौथऱ्यांच्या उंचीची, शर्यत लागली. नवं घर बांधणारा रस्त्याच्या वर तीन फूट जोतं घेतो. मग शेजाऱ्याच्या अंगणात तळं होतं. तो अंगणात चार ब्रास मुरूम ओततो. मग तिसऱ्याच्या न्हाणीत पाणी उलटं येतं. आमची काळी माती एकदा पाणी प्यायली की सोडत नाही. कृष्णेला पूर नसलेल्या वर्षीसुद्धा आमच्याकडे दिवाळीपर्यंत बेडूक ओरडतात.

आणि पूर असला की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. सांगलीतलं शेंबडं पोरही हे आकडे पाढ्यासारखे म्हणतं. २००५ झाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २०२१ ला परत पन्नाशी ओलांडली. त्या प्रत्येक वेळी चौकात, व्हॉट्सॲपवर, भाषणात शब्द एकच, अलमट्टी, कृष्णेवरचं कर्नाटकातलं धरण.

कर्नाटकानं अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ वर नेऊ नये, हे माझंही मत आहे. त्या मोर्चाला मी गेले होते, घोषणाही दिल्या. पण २०१९ नंतर सरकारनं वडनेरे समिती नेमली. तिनं अलमट्टीच्या फुगवट्याला, म्हणजे धरणामागं तुंबणाऱ्या पाण्याला, आपल्या पुराचं कारण मानलं नाही आणि पूरक्षेत्रातल्या बांधकामांकडे बोट दाखवलं. ते आपल्याला आवडलं नाही. समिती चुकली असं म्हणणारे अभ्यासू लोक आहेत, त्यांचं म्हणणं मी ऐकते. पण समजा, अलमट्टी उद्या रिकामी केली तरी माझ्या न्हाणीतलं पाणी कुठल्या वाटेनं बाहेर जाणार? धरण दुसऱ्या राज्यात आहे, त्यामुळं त्याच्याविरुद्ध बोलायला आपल्याला भीड वाटत नाही. ओत बुजवणारा मात्र संकष्टीला मोदक घेऊन येतो.

आता मूळ मुद्दा. दीड महिन्यापूर्वी रद्दी बांधताना पेपरच्या आतल्या पानावर, तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात एक जाहीर सूचना दिसली. अमुक गट नंबरमधलं इतकं क्षेत्र शेती विभागातून वगळून रहिवास विभागात घेण्याचा फेरबदल प्रस्तावित, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६, कलम ३७, हरकती एक महिन्यात. तुमच्या-माझ्या भाषेत, ग्रीनचं यलो. गट नंबर ओळखीचा वाटला, कारण आण्णांच्या साठेखतात चतुःसीमा लिहिताना पश्चिमेला तोच नंबर आहे. आमचा जो काही ओत उरलाय तो त्या रानात जाऊन पसरतो.

शहराचा मोठा विकास आराखडा येतो तेव्हा बोंबाबोंब होते, पेपरात नकाशे येतात, नेते बोलतात. तो वीस वर्षांच्या हिशेबानं करतात. पण गाव बदलतं ते मधल्या वीस वर्षांत, असल्या एकेका गटाच्या फेरबदलांनी. जागांवरच्या आरक्षणांचंही तेच. बागेसाठी ठेवलेली जागा १० वर्षांत ताब्यात घेतली नाही की मालक कलम १२७ ची नोटीस देतो, आणखी २४ महिने काही हालचाल झाली नाही की आरक्षण उडतं. त्यात चोरून काहीच नसतं, सगळं छापून येतं. फक्त ‘काही हरकत नाही’ हे आपल्या तोंडात इतकं बसलंय की हरकत घ्यायची असते हेच सुचत नाही.

मी नगररचना विभागात गेले. फी भरून भाग नकाशा आणि झोन दाखला मागितला. तिथल्या क्लार्कनं चष्मा वर करून विचारलं, “मॅडम, प्लॉट घ्यायचाय का विकायचाय?” म्हटलं, दोन्ही नाही, नुसतं बघायचंय. त्यानं खुर्ची दिली. नकाशा टेबलावर पसरून मला आमची कॉलनी सापडायलाच दहा मिनिटं लागली. मग त्यानं स्वतःच पेन्सिलीनं दाखवलं, ही निळी रेषा, ही लाल. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकतो त्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाच्या. निळीच्या आत नवं बांधकाम नाही. निळी आणि लालच्या मधे चालतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट, वर हवं.

मी हे वाचून हसले. त्याला कळेना का ते. अहो, आमच्या गल्लीत पस्तीस वर्षं दुसरं काय चाललंय? इमारत वर उचलायची आणि तिच्याखालचं पाणी शेजाऱ्याकडे लोटायचं. आमची शर्यत तेवढी बिनशिक्क्याची. बांधणाऱ्याचा दिवाणखाना कोरडा राहील याची काळजी त्या नियमात आहे. त्याच्या भरावानं हललेलं पाणी कुणाच्या चुलीपर्यंत जाणार, याबद्दल त्या ओळीत चकार शब्द नाही. आणि शंभर वर्षांतून एकदा, पंचवीस वर्षांतून एकदा हे हिशेब नदीला कुणी सांगितलेत? २००५ ते २०२१ या सोळा वर्षांत तीन महापूर मी स्वतः मोजलेत.

सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं होती, आठवतंय ना. जमिनीत खोल खड्डे, वरून माती, आत पोत्यांच्या पोती हळद, वर्षानुवर्षं ओल लागायची नाही. कृष्णा-वारणेच्या संगमाच्या काठावरच्या गावात हे जमायचं, कारण कुठल्या जागेची माती पाणी आत घेत नाही हे त्या लोकांना ठाऊक होतं. २००५ च्या पुरात पेवांतही पाणी शिरलं. तेव्हापासून ‘पूर्वी इथं कधी पाणी आलं नाही’ हे वाक्य मी कुणाच्याही तोंडून मानत नाही, बिल्डरच्या तर नाहीच.

हरकत लिहायला घेतली, पण त्याआधी त्या रानाच्या मालकाला भेटावं असं वाटलं. हे माझं चुकलं की बरोबर, अजून कळत नाही. म्हातारे गृहस्थ, ऐंशीच्या घरात. मला वाटलं होतं बिल्डरच्या गाडीतून फिरणारा कुणी असेल. ते गोठ्यापाशी कडबा कापत होते. मी ओताचं सांगितलं, नकाशा दाखवला. त्यांनी नकाशाकडे बघितलंसुद्धा नाही. मला बांधावर घेऊन गेले. रानात गुडघाभर लव्हाळा, वर साबणाचा फेस आणि प्लॅस्टिक.

“ताई, ह्ये पानी कुनाचं? तुमच्या कॉलनीचं. चौदा वर्सं झाली, ह्या रानात पीक घेतलं न्हाई म्या. तुमी म्हंतासा शेतीच ऱ्हाऊ द्या. ऱ्हाऊ द्या की. पिकवून दावा मला.”

मी काय बोलणार? आमच्या घराचं पाणीही त्यात होतं.

परत येताना डोक्यात एकच. त्यांचं रान आम्ही नासवलं, आता नासलेलं रान विकायला आम्हीच आडवे येतोय. आणि तरीही तिथं भराव पडला तर पाचशे घरांचं पाणी अडणार, ही गोष्ट काही खोटी होत नाही. पाणी मुरायला आणि थांबायला शहराला एखादी जागा लागत असेल, तर त्या जागेची किंमत शहरानं मोजली पाहिजे. एका म्हाताऱ्यानं फुकटात आमचा हौद होऊन राहायचं, असं कसं चालेल? म्हणून मी हरकत बदलली. आधी लिहिलं होतं, ‘सदर क्षेत्र शेती विभागातच ठेवावे.’ ते खोडलं. लिहिलं की मोजणी करून ओताची वाट आधी नकाशावर आखावी, तेवढी जमीन मोबदला देऊन सार्वजनिक ताब्यात घ्यावी, आणि उरलेल्या क्षेत्राचं काय ते मग ठरवावं. खाली एक ओळ वाढवली, की आमच्या कॉलनीत ओतावर झालेली बांधकामंही त्याच मोजणीत घ्यावीत, माझं धरून.

ही शेवटची ओळ बाहेर फुटली. मुलानं दोन दिवस अबोला धरला. शेजारच्या वैनी म्हणाल्या, “स्वतःच्या घरावर कुणी हरकत घेतं व्हय?” कॉलनीच्या ग्रुपवर एकानं लिहिलं की काकूंचा विकासाला विरोध आहे. त्याला एवढंच विचारते, परवाच्या पावसात तुझी गाडी तू कुठं नेऊन लावली होतीस? पुलावर ना?

घरोघर सह्या मागत फिरले. एकोणीस झाल्या. अलमट्टीच्या निवेदनावर आमच्याच कॉलनीतून एका संध्याकाळी दीडशेच्या वर झाल्या होत्या, वही कमी पडली होती.

सुनावणी मंगळवारी सकाळी अकराला आहे. साठेखत, नियमितीकरणाचा दाखला आणि पायऱ्यांचे दोन फोटो घेऊन जाणार आहे, एक १९९१ चा आण्णा तिसऱ्या पायरीवर बसलेत तो, एक मागच्या आठवड्यातला. म्हातारबुवांना फोन केला होता. ते माझ्याविरुद्ध बोलायला येणारच आहेत, पण त्यांना एसटीनं यायला जमत नाही, गुडघे दुखतात. म्हणून जाताना त्यांना घेऊन जाणार आहे. रिक्षात अजून एकाची जागा आहे. कुणी येणार असाल तर सोमवारी रात्रीपर्यंत कळवा.