समाजवादी देशांत शरीरसौष्ठव ‘गुन्हा’ होता का? एका फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

व्यायामशाळांच्या ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा सारांश असा: समाजवादी देशांत शरीरसौष्ठव हा गुन्हा होता आणि अंग कमावणाऱ्याला तुरुंगात टाकत. कम्युनिस्टांना देखण्या शरीराचाच तिटकारा होता. तरीही सोव्हिएत आणि पूर्व जर्मन खेळाडू धिप्पाड दिसायचे, ते सरकारी स्टेरॉइडमुळे. आणि खरं शरीरसौष्ठव तिथे आलं ते १९९१ साली सोव्हिएत संघ कोसळल्यावर. सोबत बहुतेक वेळा एखाद्या वेटलिफ्टरचा फोटो चिकटवलेला असतो.

यातलं जे खरं आहे ते एक-दोन देशांपुरतं आणि ठरावीक वर्षांपुरतं खरं आहे. ते उचलून अर्ध्या युरोपावर आणि सत्तर वर्षांवर पसरलं की ज्यांनी अडचणीत राहून हा खेळ जगवला त्यांचं नावच पुसलं जातं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘शरीरसौष्ठव हा गुन्हा होता’

या दाव्याच्या मुळाशी एक खरा कागद आहे. जानेवारी १९७३ मध्ये सोव्हिएत मंत्रिमंडळाच्या अखत्यारीतल्या क्रीडा समितीने एक ठराव काढला. काही व्यायामप्रकार चुकीच्या दिशेने वाढत आहेत, अशी त्यात तक्रार होती. यादीत शरीरसौष्ठव होतं, महिलांचा फुटबॉल होता, पत्त्यांतला ब्रिज होता आणि आपला हठयोगही होता. शरीरसौष्ठवावर ठपका असा, की यात माणूस स्वतःच्याच शरीराच्या प्रेमात पडतो आणि स्नायू केवळ दाखवण्यासाठी वाढवतो.

पण हा प्रशासकीय ठराव होता, फौजदारी कायदा नव्हता. दोन्हींतला फरक कराटेच्या उदाहरणावरून लगेच कळतो. १९८१ मध्ये रशियन प्रजासत्ताकाच्या दंडसंहितेत बेकायदा कराटे शिकवण्याविरुद्ध २१९-१ हे स्वतंत्र कलम घालण्यात आलं आणि त्यात कैदेची तरतूद होती. शरीरसौष्ठवासाठी असं कलम कधीच नव्हतं. घरी डंबेल मारणाऱ्याला कुणी धरून नेत नव्हतं. १६, २४ आणि ३२ किलोचे कडीचे लोखंडी गोळे तर क्रीडासाहित्याच्या दुकानांत राजरोस मिळत.

मग ठरावाने नेमकं काय बिघडलं? सोव्हिएत खेळाची सगळी यंत्रणा श्रेणींवर चालायची. एखादा खेळ अधिकृत वर्गीकरणात असेल तर खेळाडूला श्रेणी मिळे, पुढे ‘क्रीडानिपुण’ ही पदवी मिळे. त्या श्रेणींच्या आकड्यांवर क्लबचं अनुदान ठरे, प्रशिक्षकाचा पगार निघे, स्पर्धेला जाण्याचा खर्च सुटे. वर्गीकरणात नसलेल्या खेळासाठी हॉल मागायला गेलं तर व्यवस्थापकाकडे तो द्यायला कारणच नसे. १९७३च्या ठरावाने हे दार घट्ट लावलं. पोलीस मागे लागण्यापेक्षा ही नाकेबंदी जास्त परिणामकारक होती, आणि फिरत्या मजकुरात तिचा उल्लेखही नसतो.

दाराला फट मात्र होती. ‘अ‍ॅथलेटिक जिम्नॅस्टिक्स’ या नावाखाली तेच व्यायाम चालत, बाल्टिक प्रजासत्ताकांत (एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया) तर चांगलेच. ठरावाच्या पाच वर्षं आधी, १९६८ मध्ये, ‘अ‍ॅथलेटिझम’ नावाचं पुस्तक निघालं. लेखक गिओर्गी टेन्नो आणि युरी सोरोकिन. टेन्नो स्तालिनच्या काळात २५ वर्षांची शिक्षा झालेला कैदी. कझाकस्तानातल्या एकिबास्तुझच्या श्रमछावणीतून त्याने पळून जाण्याचा प्रयत्न केला होता, १९५६ मध्ये त्याची सुटका झाली आणि पुस्तक निघण्याआधीच १९६७ मध्ये तो वारला. अशा माणसाचं स्नायू वाढवण्यावरचं पुस्तक छापलं कुणी? कम्युनिस्ट पक्षाच्या युवक संघटनेच्या ‘मोलोदाया ग्वार्दिया’ या प्रकाशनाने. गुन्हा असलेल्या गोष्टीची पाठ्यपुस्तकं सरकारी छापखान्यातून निघत नसतात.

‘समाजवादी देशांत’, म्हणजे नेमक्या कुठल्या?

मजकूर सगळ्यांना एका दावणीला बांधतो. पोलंडमध्ये १९५७ मध्ये ‘टीकेकेएफ’ ही शारीरिक संस्कृतीच्या प्रसाराची संस्था उभी राहिली आणि शरीरसौष्ठवाच्या शाखा तिच्याच छत्राखाली वाढल्या. ‘स्पोर्ट द्ला व्शिस्त्किख’ या पोलिश नियतकालिकात व्यायामाचे तक्ते येत, ते सोव्हिएत संघातल्या तळघरी व्यायामशाळांत शब्दकोश घेऊन वाचले जात. चेकोस्लोव्हाकियात १९६०च्या दशकात वेटलिफ्टिंग संघटनेच्या आधाराने क्लब आणि स्पर्धा सुरू झाल्या. पूर्व जर्मनीत हा प्रकार ‘क्योर्परकुल्टुरिस्टिक’ या नावाने वेटलिफ्टिंग महासंघाकडे होता. तिथे नुसतं पोझिंग पुरेसं धरलं जात नसे, ताकदीच्या व्यायामांचेही गुण धरत. दिसणाऱ्या स्नायूने काम करूनही दाखवलं पाहिजे, असा त्यामागचा विचार. तो पटो न पटो, पण याला बंदी म्हणता येत नाही.

युगोस्लाव्हियाचं उदाहरण सगळ्यांत ठळक. आयएफबीबी या शरीरसौष्ठवाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची जागतिक हौशी स्पर्धा १९७० मध्ये बेलग्रेडला झाली. कम्युनिस्ट नेता टिटो सत्तेवर, लीग ऑफ कम्युनिस्ट्स हा एकमेव पक्ष, आणि राजधानीत जगभरचे शरीरसौष्ठवपटू मंचावर उभे. ही एक नोंदच ‘समाजवादी देशांत बंदी होती’ हे सरसकट वाक्य मोडून काढते.

‘कम्युनिस्टांना देखण्या शरीराचा तिटकारा होता’

उलट, शरीराचं इतकं प्रदर्शन फार थोड्या राजवटींनी केलं असेल. १९३०च्या दशकातल्या लाल चौकातल्या व्यायामपटूंच्या मिरवणुका घ्या, किंवा प्रागच्या स्त्राहोव स्टेडियमवर १९५५ पासून १९८५ पर्यंत भरलेल्या स्पार्टाकियाडा, म्हणजे सामूहिक कवायतींचे मेळावे, घ्या. तिथे हजारो तरुण एका तालावर कवायत करत. आक्षेप सुदृढ शरीराला नव्हता. ते शरीर कशासाठी, हा प्रश्न होता. १९३१ मध्ये सुरू झालेल्या सोव्हिएत चाचणी-मालिकेचं नावच ‘श्रम आणि संरक्षणासाठी सज्ज’. धावणं, पोहणं, बर्फावरून घसरत जाणं, ग्रेनेड फेकणं, दांडीवर स्वतःला वर खेचणं, हे सगळं कारखान्यात नाहीतर आघाडीवर उपयोगी. ४५ सेंटिमीटरचा दंड या तक्त्यात कुठे बसवायचा, हे अधिकाऱ्यांना कळत नव्हतं.

दुसरं कारण ऑलिम्पिक. सोव्हिएत संघ १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा उतरला आणि वेटलिफ्टिंगमध्ये लगेच सुवर्णपदकं घेऊन आला. शरीरसौष्ठवाला ऑलिम्पिकमध्ये स्थान नव्हतं, आजही नाही. एकाच लोखंडातून एकीकडे पदक मिळतं आणि दुसरीकडे नाही, तर सरकार पैसा कुठे लावणार हे उघड आहे.

‘ते धिप्पाड दिसायचे ते सरकारी स्टेरॉइडमुळे’

इथे दोन वेगळ्या गोष्टींची भेसळ झाली आहे.

पूर्व जर्मनीचा डोपिंग कार्यक्रम खरा होता आणि क्रूर होता. १९७४ पासून ‘राज्य योजना १४.२५’खाली तो चालला. येनाफार्म कंपनीच्या ओरल-ट्यूरिनाबोल या स्टेरॉइडच्या गोळ्या खेळाडूंना दिल्या गेल्या, अल्पवयीन मुलींनाही, आणि अनेकींना त्या काय आहेत हे सांगितलंही नव्हतं. त्यांच्या यातनांना कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. पण त्या योजनेचं लक्ष्य ऑलिम्पिक पदक हे होतं: जलतरण, गोळाफेक, धावणं. शरीरसौष्ठव त्या हिशेबाच्या बाहेर होतं. तिथल्या शरीरसौष्ठवपटूने स्टेरॉइड घेतलंच तर ते काळ्या बाजारातून. सोव्हिएत तळघरांतही हंगेरीच्या गेडेऑन रिश्टर कंपनीचं नेरोबोल आणि रेटाबोलिल हे स्टेरॉइड पोहोचायचं, तेही असंच आडमार्गाने.

आणि हे फक्त त्या बाजूलाच चालत होतं असं मानणं म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधणं आहे. डायनाबोल हे स्टेरॉइड अमेरिकेत १९५८ मध्ये बाजारात आलं, सिबा या स्विस कंपनीचं. स्टेरॉइडना नियंत्रित पदार्थ ठरवणारा कायदा अमेरिकेत १९९० साली झाला. तोवर तिथल्या मंचावरची शरीरंही औषधापासून अलिप्त नव्हती.

आता त्या फोटोबद्दल. वेटलिफ्टरचं शरीर म्हणजे शरीरसौष्ठवपटूचं शरीर नव्हे, आणि हा फरक प्रशिक्षणातूनच येतो. वेटलिफ्टर स्नॅच (बार एका दमात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्कचे (बार आधी खांद्यावर, मग डोक्यावर) १ ते ३ आवृत्त्यांचे सेट मारतो आणि उचललेला बार बहुतेक वेळा खाली सोडून देतो. त्यामुळे वजन सावकाश उतरवताना स्नायूवर पडणारा ताण त्याच्या वाट्याला कमी येतो. शरीरसौष्ठवपटू साधारण ६ ते १२ आवृत्त्यांत काम करतो, वजन आवरत खाली आणतो, मागचा खांदा आणि पोटरीसुद्धा वेगळी काढून मारतो आणि स्पर्धेआधी काही महिने चरबी उतरवतो. १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकनंतर वेटलिफ्टिंगमधून प्रेस, म्हणजे बार खांद्यावरून हातांच्या जोरावर वर ढकलण्याचा प्रकार, काढला गेला, तेव्हापासून वेटलिफ्टरच्या छाती-खांद्याला पूर्वीइतकं काम उरलं नाही. म्हणजे फोटोतला माणूस दुसऱ्याच खेळाचा साक्षीदार आहे.

दोन्ही खेळांचा खरा धागा वेगळाच आहे. १९६० साली रोम ऑलिम्पिकमध्ये तिन्ही प्रकार मिळून ५३७.५ किलोची बेरीज करून सुवर्ण जिंकणारा युरी व्लासोव १९६१च्या व्हिएन्नातल्या जागतिक स्पर्धेला आला होता. त्याला पाहायला आणि भेटायला आलेला १४ वर्षांचा ऑस्ट्रियन मुलगा म्हणजे अर्नोल्ड श्वार्झनेगर. एका सोव्हिएत वेटलिफ्टरकडे पाहून तो लोखंडाकडे वळला. क्यूबाचा सर्जिओ ऑलिवाही आधी वेटलिफ्टर. १९६२ मध्ये किंग्स्टनच्या स्पर्धेतून तो पळाला, शिकागोत शरीरसौष्ठवाकडे वळला आणि १९६७ ते १९६९ सलग तीनदा मिस्टर ऑलिम्पिया हा शरीरसौष्ठवातला सर्वोच्च किताब जिंकला.

‘साधनंच नव्हती, म्हणून खेळही नव्हता’

हे काही वेळा मजकुरात जोडलेलं असतं. साधनं तुटपुंजी होती हे खरं. त्यावर लोकांनी काय केलं ते समजून घेण्यासारखं आहे.

सोव्हिएत शहरांतल्या इमारतींखालची तळघरं हीच व्यायामशाळा. प्लेट्स कारखान्यातल्या जाड पत्र्यातून कापून घ्यायच्या. हिशेब सोपा आहे: ३६ सेंटिमीटर व्यासाची, अडीच सेंटिमीटर जाडीची पोलादी चकती मधलं ५ सेंटिमीटरचं भोक वजा करून साडेएकोणीस किलोच्या आसपास भरते. चकती गॅसने कापली तर कड समान येत नाही, भोक मध्यावर पडत नाही, आणि बार हातात फिरायला लागतो. पण मोठी अडचण बारची. साधं पोलाद मऊ असतं. २५ मिलिमीटरच्या गजावर १५० किलो लावून खांद्यावर घेतला की तो वाकण्याच्या मर्यादेशी पोहोचतो. बैठकीच्या तळाशी थोडा झटका बसला तर कायमचा वाकतो. तेवढ्याच जाडीचा पाण्याचा पोकळ पाईप तर त्याच्याही आधी. म्हणून यंत्रांचे जुने कठीण केलेले शाफ्ट मिळवण्याची धडपड असे. हवा खेळती नसलेल्या तळघरात ओल धरायची, बारला गंज चढायचा, आणि अग्निसुरक्षेचं कारण दाखवून जागा कधीही बंद करता यायची.

खाण्यात मुख्य आधार त्वोरोगचा, म्हणजे आपल्या पनीर-चक्क्याच्या जातीचा पदार्थ. १०० ग्रॅममध्ये १६ ते १८ ग्रॅम प्रथिनं. सोबत अंडी, दूध, दुधाची भुकटी. प्रोटीन पावडर नसल्यामुळे अनेकांनी लहान बाळांची ‘माल्युत्का’ आणि ‘मालिश’ ही भुकटी वापरली. त्यात एक चूक ठरलेली: बाळाच्या आहारात साखर आणि स्निग्धांश भरपूर, प्रथिनं त्या मानाने थोडी. वजन भराभर वाढायचं, पण त्यातलं बरंचसं कमरेवर.

‘१९९१ नंतरच सुरू झालं’

तारखाच पाहा. मॉस्कोजवळच्या ल्युबेर्त्सीची तळघरं १९८०च्या दशकात पोरांनी भरलेली होती. त्यातल्या काही टोळ्या मॉस्कोत येऊन हिप्पी आणि पंक मुलांना मारायच्या. १९८७च्या सुरुवातीला ‘ओगोन्योक’ साप्ताहिकात त्यांच्यावर लेख आला आणि शरीर कमावणारा म्हणजे गुंड ही प्रतिमा देशभर पसरली. त्याच १९८७ मध्ये अ‍ॅथलेटिक जिम्नॅस्टिक्सचा सोव्हिएत महासंघ उभा राहिला आणि त्याचा अध्यक्ष झाला युरी व्लासोव. १९८८ मध्ये चित्रीकरणासाठी मॉस्कोला आलेला श्वार्झनेगर त्याला भेटला. सोव्हिएत संघ तेव्हा अजून उभा होता.

चीनचा क्रम तर पूर्ण वेगळा. शांघायमध्ये झाओ झुग्वांगने १९३० मध्येच विद्यापीठात शरीरसौष्ठवाचं मंडळ काढलं होतं आणि १९४० मध्ये स्वतःची व्यायामशाळा. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘भांडवलदारी’ म्हणून हा खेळ मोडीत काढला गेला, तीस वर्षं तो दबून राहिला, आणि झाओ वेटलिफ्टर घडवत राहिला. म्हणजे इथे दडपणूक सोव्हिएत संघापेक्षाही आधी झाली आणि जास्त काळ टिकली. दाव्याच्या बाजूने सगळ्यांत मोठं उदाहरण हेच, आणि मजकुरात नेमकं तेच सापडत नाही. पण ते दार उघडलं ते पक्षाच्या राजवटीतच. जून १९८३ मध्ये शांघायला पहिली ‘लीशी’ चषक स्पर्धा झाली. १९८५ मध्ये चीन आयएफबीबीचा सदस्य झाला. नोव्हेंबर १९८६ मध्ये शेन्झेनच्या चौथ्या स्पर्धेत चिनी महिला पहिल्यांदा बिकिनीत मंचावर आल्या, आणि देशभर त्यावर वाद झडला. १९९४ मध्ये आयएफबीबीची जागतिक हौशी स्पर्धा शांघायलाच भरली. सत्तेवर तेव्हाही तोच पक्ष होता.